एक विळा, एक घडीची करवत आणि मंगळवारची रात्र

हे प्रकरण इंग्लंडमधलं आहे आणि आमच्या घरातलंच म्हणावं इतकं जवळचं. ज्यांच्या बाबतीत घडलं त्यांनी "लिही, पण नाव घालू नकोस" असं सांगितलं, म्हणून नाव, नदी आणि क्लब तिन्ही गाळले आहेत. त्यांना इथे दादा म्हणतो. एरवीही मी त्यांना दादाच म्हणतो. वय पासष्ट, या देशात तीसहून जास्त वर्षं, आणि निवृत्तीनंतर नदीकाठी गळ टाकून बसायची गोडी लागलेली. मिडलँड्समधल्या एका छोट्या अँगलिंग क्लबाचे आम्ही दोघं सभासद. क्लबाकडे नदीचा साधारण पाऊण मैलाचा काठ भाड्याने आहे आणि तो साफ ठेवायचं काम दोन वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे झाल्या प्रकारात माझीही चूक होती. तीही सांगणार आहे.

शनिवारी, ७ जून २०२५ रोजी, आम्ही आठ जणांनी मिळून काठावरचं रान काढलं. मंगळवारी, १० जूनला रात्री दहाच्या सुमारास दादा पेट्रोल भरून घरी येत होते. मागचा एक दिवा लागत नव्हता म्हणून पोलिसांनी गाडी थांबवली. बॅटरीचा उजेड मागच्या सीटखाली गेला आणि तिथे शनिवारचा विळा आणि घडीची करवत दिसली. त्या रात्री दादा घरी आले नाहीत.

आधी काठाबद्दल लिहितो, कारण हत्यार कुठलं घ्यायचं हे तिथे काय उगवलंय यावर ठरतं.

इंग्लंडमध्ये नद्यांवर १५ मार्च ते १५ जून गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांसाठी गळ टाकायला बंदी असते. १६ जूनला हंगाम उघडतो. या तीन महिन्यांत काठावर कुणी फिरकत नाही आणि झाडोरा माणसाच्या उंचीचा होतो. गळ टाकायला बसण्यासाठी पाण्याच्या कडेला जी जागा मोकळी ठेवतात तिला इथले लोक स्विम म्हणतात. आमच्या वरच्या टप्प्यात अशा सात आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांतल्या दोनच ओळखू येत होत्या. बाकी ठिकाणी छातीपर्यंत नेटल (अंगाला लागली की आग करणारी वनस्पती), त्यातून घुसलेली काटेरी ब्रॅम्बल, पाण्यावर वाकलेल्या विलोच्या फांद्या आणि सगळ्यात जास्त म्हणजे तेरडा.

हो, तेरडाच. हिमालयातली ही जात १८३९ साली बागेची शोभा म्हणून ब्रिटनमध्ये आणली गेली आणि आता नद्यांचे काठच्या काठ तिने गिळले आहेत. आपला अंगणातला तेरडा गुडघ्याला लागतो, हा दोन मीटरच्या वर जातो. बोंड पिकलं की हात लागताच फुटतं आणि बिया सात मीटरपर्यंत उडतात. एका झाडाला आठशेपर्यंत बिया. हिवाळ्यात सगळं झाड मरून जातं, खालचं गवत आधीच सावलीने मेलेलं असतं, आणि उघडी पडलेली माती पहिल्या पुरात नदीत जाते. म्हणून तेरडा काढणं हे नुसतं बसायला जागा करण्याचं काम नाही. तो काठ वाचवण्याचं काम आहे आणि मला त्याबद्दल मनापासून तळमळ आहे.

तेरड्याला कसलंही पातं लागत नाही. मूळ उथळ असतं. बुडाशी धरून सरळ वर ओढलं की ओल्या मातीतून 'पक्' आवाज करत आख्खं झाड हातात येतं. पोकळ, लालसर खोड, आणि मुळाशी मूठभर चिखल. खालच्या पेऱ्याच्या वर कापलं तर ते पुन्हा फुटतं, म्हणून उपटणंच बरं. उपटलेल्यांचा ढीग मुळं वर करून पाण्यापासून लांब घालायचा. हे बोंड धरायच्या आत झालं पाहिजे. त्या शनिवारी आठांपैकी चौघं दिवसभर फक्त हेच करत होते आणि मोकळ्या झालेल्या जागेपैकी निम्म्याहून जास्त त्यांच्या नुसत्या हातांनी झाली.

नेटलसाठी विळा. मी वापरतो तो अर्धगोल पात्याचा, छोट्या मुठीचा गवतकाप्या विळा. उजव्या हातात विळा आणि डाव्या हातात हातभर लांबीची आकडीची काठी. आकडीने पाच-सात खोडं एकत्र वळवून धरायची आणि विळा बुडाशी अंगापासून दूर ओढत न्यायचा. आकडी असली की डावा हात पात्याच्या वाटेत येतच नाही. विळ्याने लागण्याच्या बहुतेक जखमा मोकळ्या हाताने पेंढी धरल्यामुळे होतात. धार बरोबर असेल तर 'सर्र' असा ओला आवाज येतो आणि खोड हलायच्या आत पडतं. धार गेली की खोड वाकतं, पातं घसरतं आणि माणूस जोर लावायला लागतो. घात होतो तो इथेच. दर वीस मिनिटांनी थांबून दगडाने चार हात मारायचे, मग जोर लावावाच लागत नाही. मोजा डाव्या हाताला जाड. उजव्या हाताला मी मोजा घालत नाही, कारण ओल्या मोज्यातून मूठ निसटते.

ब्रॅम्बलला लांब दांड्याचा कोयता किंवा लॉपर, म्हणजे फांद्या कापायची लांब दांड्यांची कात्री. माझी पसंती लॉपरला. कोयत्याने मारलेली काटेरी वेल स्प्रिंगसारखी तोंडावर परत येते. लॉपरने बुडाशी कापून दाताळ्याने ओढली की काम शांतपणे होतं. विलोच्या फांदीला धनुष्यासारखी करवत, आणि अडचणीच्या जागी घडीची. फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून, म्हणजे साल फाटत खोडापर्यंत जात नाही. पाण्यातल्या वनस्पतीला दोरीला बांधलेलं दुतोंडी दाताळं. काठापासून थोडं आत कापायचं असेल तर मासा उचलायच्या जाळीच्या दांड्यावर बसणारं चंद्रकोरी पातं मिळतं. इथल्या दांड्यांचा आटा एकाच मापाचा असतो, तीन-अष्टमांश इंची, म्हणून वेगळा दांडा लागत नाही. इंजिनवर चालणारं स्ट्रिमर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, आमच्याकडे आहे, पण ते मी मागच्या पायवाटेपुरतंच वापरतो. ते निवड करत नाही. समोर येईल ते भुईसपाट.

चौथ्या स्विमच्या कोपऱ्यात जायंट हॉगवीडची तीन झाडं होती. त्यांना कुणी हात लावला नाही. त्याचा चीक कातडीला लागून वर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि त्या जागेला पुढे वर्षानुवर्षं उन्हाचा त्रास होऊ शकतो. विळ्याने कापलं तर चीक अंगावर, स्ट्रिमरने कापलं तर चिकाचा फवारा तोंडावर. टेप बांधली, फोटो काढले, जमीनमालकाला कळवलं. जपानी नॉटवीड दिसलं तरी हेच करायचं, कारण त्याचा नखाएवढा मुळाचा तुकडा दुसरीकडे गेला तरी तिथे रोप होतं.

आणि किती कापायचं हेही. नवा माणूस काठ न्हाव्याने डोकं करावं तसा साफ करतो. माशाला मग वरून माणूस उभाच्या उभा दिसतो. रॉड फिरवायला आणि जाळी उतरवायला लागेल एवढीच फट हवी, दोन्ही बाजूंची लव्हाळी जागच्या जागी हवीत. मागचे नेटलचे पट्टे आम्ही मुद्दाम ठेवतो, कारण पीकॉक आणि रेड ॲडमिरल या फुलपाखरांच्या अळ्या त्यावरच वाढतात.

हे सगळं मांडायचं कारण असं, की सबंध दिवसात ज्याला पातं म्हणता येईल अशा गोष्टी आम्हाला मोजून पाच लागल्या. दोन विळे, दोन करवती, एक लॉपर. आठ माणसांना पाच पाती. तरीही त्या दिवशी सगळ्यांच्या गाड्यांतून मिळून वीसेक तरी आली असतील, कारण मी व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं: सकाळी नऊला जमायचं, आपापली हत्यारं घेऊन या. कोण काय आणणार, किती आणणार, काही नाही. संध्याकाळी कोण काय परत नेतोय तेही कुणी पाहिलं नाही. ही माझी चूक.

दादांनी विळा आणि करवत चिखलाची होती म्हणून डिकीतल्या स्वच्छ पिशवीत न ठेवता मागच्या सीटखाली वर्तमानपत्रावर ठेवली. घरी जाऊन धुवायची होती. रविवारी पाहुणे आले, सोमवारी पाऊस पडला आणि मंगळवारी पेट्रोल भरायला गेले.

आता कायदा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टचं कलम १३९ असं सांगतं, की सार्वजनिक जागी पातं असलेली किंवा अणकुचीदार वस्तू जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. एकच सूट आहे: घडी होणारा खिशातला चाकू, ज्याची धार तीन इंचांपेक्षा जास्त नाही. उघडल्यावर खटक्याने पक्का बसणारा चाकू या सुटीत येत नाही, हे न्यायालयांनी १९९० च्या दशकातच स्पष्ट केलं. बागकामाची घडीची करवत तर खटक्याचीही असते आणि तीन इंचांहून लांबही. घडी होते म्हणून ती चालते, असं दादांना प्रामाणिकपणे वाटत होतं. मलाही त्याआधी कधी वेगळं वाटलं नव्हतं. 'पातं' या शब्दाची व्याप्ती किती, तर २००५ च्या एका निकालात लोणी लावायची बोथट सुरीसुद्धा त्यात धरली गेली.

मग विळा नेणारा प्रत्येक माळी गुन्हेगार का? नाही. 'गुड रीझन', म्हणजे सयुक्तिक कारण, हा बचाव आहे. कामासाठी, धर्मासाठी किंवा राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून बाळगणं याचा उल्लेख कायद्यातच आहे. त्यापलीकडचं कारण सयुक्तिक आहे की नाही हे न्यायालय त्या त्या परिस्थितीवरून ठरवतं. पण कारण सिद्ध करायची जबाबदारी बाळगणाऱ्यावर असते. गुन्हा शाबीत झाला तर चार वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि हे कारण वस्तूला कायमचं चिकटलेलं नसतं. शनिवारी सकाळी नऊला, नदीकडे जाताना, दादांकडे ते होतं. संध्याकाळी परत येतानाही होतं. मंगळवारी रात्री दहाला पेट्रोल पंपावरून येताना ते उरलं नव्हतं. वस्तू तीच, माणूस तोच, गाडी तीच.

विसरलो हे कारण पुरत नाही का? सगळ्यांना हा प्रश्न पडतो. कामासाठी वापरलेला चाकू काही दिवस आधीपासून खिशात राहिलेला, अशा एका जुन्या खटल्यात न्यायालयाने म्हटलं की नुसतं विसरणं हे सयुक्तिक कारण नव्हे. पुढच्या निकालांत इतकं मान्य झालं की विसरणं आणि मुळातलं खरं कारण एकत्र पाहता येतं. म्हणजे दार बंद नाही, पण त्यातून आत जायला वकील लागतो, आणि तो लागेपर्यंत रात्र कोठडीत गेलेली असते.

दादांच्या बाबतीत विसरण्यापेक्षा बोलणं जास्त नडलं. पोलिसाने विचारलं, हे कशासाठी? दादा म्हणाले, मासे पकडायला. पोलीस स्वतः गळ टाकणारा निघाला. त्याने शांतपणे विचारलं की नद्या तर सोमवारपर्यंत बंद आहेत, आणि गाडीत रॉडही दिसत नाही. दादा गोंधळले. 'मासे पकडायला' म्हणजे मासे पकडायची जागा साफ करायला, तीही तीन दिवसांपूर्वी, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं, तोंडात आलं नाही. आणि गोंधळलेला माणूस जसं काहीतरी भर घालत जातो तसं त्यांनी पुढे जोडलं, की असूही दे म्हटलं, हल्ली रात्रीचं काही सांगता येत नाही.

त्या एका वाक्याने प्रकरण दुसऱ्या कायद्यात गेलं. १९५३ च्या प्रिव्हेन्शन ऑफ क्राइम ॲक्टप्रमाणे इजा करण्यासाठी बनवलेली, त्यासाठी बदललेली किंवा त्या इराद्याने जवळ ठेवलेली कुठलीही वस्तू घातक शस्त्र ठरते. विळा गवत कापायला बनलेला असतो. पण 'वेळ आली तर' म्हणून ठेवलाय असं माणूस स्वतःच म्हणाला, तर तो तिसऱ्या प्रकारात जाऊन बसू शकतो. स्वसंरक्षणासाठी पातं बाळगणं हे सर्वसाधारणपणे या देशात कारण म्हणून चालत नाही. उलट खरं कारणही त्याने बुडतं.

मी नंतर दादांना विचारलं, "दादा, तुम्ही असं का म्हणालात? तुम्हाला कुणाची भीती वाटते का?"

"अरे, भीती कसली. आपण घरी म्हणतो ना, हाताशी हत्यार असलेलं बरं. ते इंग्रजीत आलं माझ्या तोंडातून."

मला ते उत्तर फार लागलं. आपल्याकडे सुताराची हत्यारं, गवंड्याची हत्यारं, आणि तलवार हेही हत्यारच. एकाच शब्दात रंधा आणि तलवार दोन्ही मावतात, आणि बोलताना आपल्याला कधी अडचण येत नाही, कारण समोरचा माणूस आणि प्रसंग बघून अर्थ लागतो. त्या रात्री समोरचा माणूस अनोळखी होता आणि प्रसंग रस्त्यातला होता. मीही निरोपात 'हत्यारं' असंच लिहिलं होतं. तेव्हापासून क्लबाच्या मराठी सभासदांना मी 'अवजारं' लिहितो.

पोलिसांनी दादांना अटक करून ठाण्यावर नेलं. इथे एक गोष्ट बरी झाली. ठाण्यावर वकील मोफत मिळतो, कुणालाही, उत्पन्न कितीही असो. दादा नको म्हणत होते, कारण वकील मागितला तर आपण काही लपवतोय असं वाटेल म्हणून. कोठडीच्या अधिकाऱ्यानेच दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी हो म्हटलं. पहाटे दोनला वकीलबाई आल्या, मला फोन केला. मी माझा निरोप, शनिवारचे फोटो आणि क्लबाच्या वार्षिक पत्रकातलं कामाच्या दिवसांचं पान पाठवलं. एका फोटोत दादा तिसऱ्या स्विमवर वाकून नेटल कापताहेत, हातात तोच विळा, मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली. जप्त केलेल्या विळ्यालाही तीच निळी पट्टी होती आणि पात्यावर नेटलचा हिरवा रस वाळलेला. चौकशीत दादांनी वकिलाच्या सल्ल्याने एकच लिखित निवेदन दिलं. बुधवारी सकाळी अकराला सुटले. तपास चालू राहिला आणि साधारण दोन महिन्यांनी पत्र आलं, की पुढे कारवाई होणार नाही. विळा आणि करवत परत मागता आली असती. दादांनी ती सोडून दिली.

ते सुटले त्याच दिवशी मी त्यांच्या शेडमध्ये गेलो, अजून काय काय आहे ते बघायला. तिथे भिंतीवर खिळ्याला एक मॅशेटी, म्हणजे लांब पात्याचा कोयता, टांगलेली होती. काही वर्षांपूर्वी ऑनलाइन घेतलेली, काळं पातं, दहा इंचांहून लांब, पुढे टोक, एका बाजूला साधी धार आणि पाठीवर सबंध लांबीचे करवतीचे दात. दादांना वाटलं होतं, एकात दोन कामं होतील. मी ती टेपने मोजली आणि माझ्या पोटात गोळा आला.

२४ सप्टेंबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये अशी पाती बाळगणंच बेकायदा आहे. घरात, शेडमध्ये, कुलपातसुद्धा. नियम असा: आठ इंचांहून लांब पातं, साधी (बिनदाती) धार आणि अणकुचीदार टोक असेल, आणि त्यासोबत दातेरी धार, पात्यात एकाहून जास्त भोकं, काटे किंवा दोनाहून जास्त टोकं यांपैकी काही एक असेल, तर ते बंदी असलेलं शस्त्र. मुठीजवळचे दोन इंचांपर्यंतचे दात तेवढे चालतात. २६ ऑगस्ट ते २३ सप्टेंबर २०२४ या काळात सरकारने ती जमा करायची मुदतही दिली होती. दादांना त्यातलं काही माहीत नव्हतं. ती मॅशेटी त्या मंगळवारी गाडीत असती तर निळ्या चिकटपट्टीचा काही उपयोग झाला नसता.

आम्ही ती गाडीत घालून ठाण्यावर नेली नाही. आधी वकीलबाईंना विचारलं, त्यांच्या सांगण्यावरून १०१ वर, म्हणजे तातडी नसलेल्या कामांसाठीच्या पोलिसांच्या नंबरवर, फोन केला, आणि ज्या पद्धतीने, ज्या वेळेला आणायला सांगितलं तसंच केलं. आपल्याकडे असं काही असेल तर हीच वाट धरावी. ते कचऱ्यात टाकणं, कुणाला देऊन टाकणं किंवा नदीत फेकणं यांतलं काहीही करू नये.

साधा, बिनदाती धारेचा विळा, जुन्या पद्धतीचा बिलहुक (पुढे वाकलेल्या पात्याचा कोयता), साधी करवत यांवर ही बंदी नाही. त्यांना फक्त कारण लागतं. आणि ती मॅशेटी काठावर कामाची तरी होती का? मी प्रामाणिकपणे सांगतो, नव्हती. नेटलला ती जड पडते, ब्रॅम्बलला आखूड, आणि पाठीवरचे दात ओल्या विलोत तीन ओढींत भरून जातात. चित्रात ती सगळं करू शकेलशी दिसते, हातात घेतली की एकही काम धड होत नाही.

क्लबात आम्ही नंतर काय बदललं ते सांगतो, कारण मला बरेच जण तेच विचारतात. नदीलगतच्या शेतकऱ्याने त्याच्या कोठारात एक लोखंडी पेटी ठेवू दिली. क्लबाची पाती तिथेच राहतात, किल्ली माझ्याकडे आणि सचिवांकडे. आपलं पातं आणायचंच असेल तर आधी कळवायचं. कामाच्या आधी मी ईमेल पाठवतो: तारीख, वेळ, जागा, कुठल्या स्विमवर काय काम, कोण कुठलं अवजार आणणार. तो प्रत्येकाने फोनमध्ये ठेवायचा. असा ईमेल म्हणजे परवाना नव्हे, कायद्यात असा परवाना नाहीच, पण विचारलं तर खरं उत्तर लगेच दाखवता येतं. पात्याला म्यान किंवा गोणपाट, ते बंद डब्यात, डबा डिकीत, हाताला सहज लागणार नाही असा. जाताना सरळ जायचं, येताना सरळ यायचं, मध्ये दुकानात नाही. आणि घरी पोचल्यावर बूट काढायच्या आधी डिकी रिकामी करायची. बसने येणारे एक सभासद आहेत, त्यांना आम्ही पातं आणूच देत नाही, पेटीतलं देतो. अठराखालच्या मुलांना चाकू किंवा पातं विकणं इथे गुन्हा आहे. आमच्याकडे येणारी मुलं तेरडा उपटतात आणि दाताळं ओढतात, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त काम तीच करतात.

क्लबाचा काठ खाजगी आहे, मग तिथे तरी मोकळीक नाही का, असं एकाने विचारलं. आमच्या काठावरून सार्वजनिक पायवाट जाते. ती जागा सार्वजनिकच. म्हणून काम चालू असतानाही विळा कमरेला लावून वाटेवरून फिरायचं नाही, एका स्विमवरून दुसरीकडे जाताना तो म्यानात. कुत्रा घेऊन फिरणाऱ्या बाईला झुडपातून पातं घेतलेला माणूस अचानक दिसला तर तिला कसं वाटेल, हा विचार मला कलमाइतकाच महत्त्वाचा वाटतो. आम्ही वाटेच्या दोन्ही टोकांना पाटी लावतो: काठाची साफसफाई चालू आहे, पुढे माणसं काम करताहेत.

गळ टाकताना लागणाऱ्या चाकूबद्दल दादांनी स्वतःच निर्णय घेतला. खटका नसलेला, अडीच इंची धारेचा घडीचा चाकू घेतला. दोरा कापायची कात्री पेटीत असते, पेटी फक्त नदीवर जाताना गाडीत जाते. कात्रीलाही पातं असतं, हे आता त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

पाचव्या स्विमचं राहिलं. शनिवारी तिथल्या वाकलेल्या विलोखाली पाणकोंबडीचं घरटं दिसलं, त्यात अंडी होती. वापरात असलेलं घरटं मुद्दाम मोडणं किंवा त्याची नासधूस करणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी आम्ही ते मोडलं नसतं. दादांची ती आवडती जागा. त्यांनी स्वतः पाटी लावली: ऑगस्ट संपेपर्यंत बंद. १६ जूनला हंगाम उघडला तेव्हा ते आले नाहीत, मन लागत नाही म्हणाले. जुलैत दोनदा येऊन तिसऱ्या स्विमवर बसून गेले. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मात्र सकाळी आठलाच कोठाराशी उभे होते. घरटं कधीच रिकामं झालं होतं. मी पेटी उघडली, त्यांनी धनुष्यकरवत घेतली, वहीत तारखेपुढे सही केली आणि फोन काढून माझा ईमेल मला दाखवला.

"हा बघ, आहे."

आम्ही दोघांनी मिळून दोन फांद्या काढल्या, खालून आधी, मग वरून. तिसरी ठेवली, माशांना सावली राहावी म्हणून. साडेअकराला करवत पुसून, तेल लावून पेटीत परत गेली आणि वहीत दुसरी सही झाली.